सुभेदारांची तक्रार

सुरी पानाला लागणार, तेवढ्यात सुभेदारांच्या मिसेस ओरडल्या, “दादा, थांबा! आज नागपंचमी हाय!”

मी कऱ्हाडात जुनी पुस्तकं दुरुस्त करतो. समोर होतं पाचगणीच्या एका शाळेचं परीकथांचं इंग्रजी पुस्तक, शंभरेक वर्षांचं. आत सात प्लेट. प्लेट म्हणजे जाड कागदावर वेगळं छापून पानांमध्ये चिकटवलेलं चित्र. एकात म्हातारी निवांत कांदा सोलतेय आणि शेजारच्या कढईतून लहान मुलाचा बूट डोकावतोय. दुसऱ्यात विहिरीतून एक ओला हात वर आलाय, बस्स. बाकीचं तुम्ही समजून घ्यायचं.

म्हसवडच्या या सुभेदारांची मुलगी त्या शाळेत. तिनं मेच्या सुट्टीत पुस्तक घरी नेलं. मग सुभेदारांची तक्रार आली, पोरगी घाबरली. प्रिन्सिपॉल सरांनी बाइंडिंगबरोबर लेखी ऑर्डरच दिली, सगळ्या प्लेट काढा. कापलेली प्लेट परत तशी बसत नाही. माझा जीव तुटत होता, पण ऑर्डर ती ऑर्डर.

मिसेसचं माहेर शिराळा. पंचमीला तिकडं जाताना सुभेदार मुद्दाम दुकानात थांबले होते, चित्रं खरंच जातात का ते बघायला.

“आज चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई,” मिसेस म्हणाल्या. “आमी आज भाजी बी चिरत न्हाई.”

“अगं, कागद हाय त्यो,” सुभेदार म्हणाले.

“कागद कापत्यातच की. आन् कापताय तरी काय एवढं?”

तक्रारीचं त्यांना ठाऊकच नव्हतं. मी सांगितलं.

“आमची पोरगी भ्याली? आवं, ती तर ह्यो बूट बघून हसत हसत जेवायची!” त्यांनी पान उलटलं. विहीर आली. बाई थांबल्या आणि नवऱ्याकडं वळल्या. “आस्सं व्हय! तरीच मे म्हैन्यापास्नं मोटर चालू करायला मला धाडताय विहिरीवर!”

“तितं शेवाळ लय झालंय,” सुभेदार म्हणाले.

“उन्हाळ्यात?”

बावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस माझ्या डिंकाच्या डब्याकडं एकटक बघत बसला. मला हसू आवरेना, आणि खरं सांगतो, त्याच क्षणी तो मला फार आवडला. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराला याहून मोठी शाबासकी कोण देणार?

“सुभेदारसाहेब, उद्या कापू?” मी विचारलं.

त्यांनी मिसेसकडं पाहिलं. मग तिथूनच सरांना फोन लावला. “सर, भीती गेली. चित्रं ऱ्हाऊ द्या.”

कोणाची, ते सरांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. साती प्लेट जागच्या जागी ठेवून मी पाठीचं बाइंडिंग तेवढं नवं केलं.

तेव्हापासून पानं कापायची ऑर्डर आली की मी आधी विचारतो, नक्की भ्यालं कोण? तक्रार वडिलांची असेल तर म्हणतो, मिसेसना घेऊन या.