पुलाला कठडा

काकूंचा धंदा काजं करण्याचा. शिंपी सदऱ्यांचे गठ्ठे टाकून जायचा आणि काकू खिडकीपाशी बसून एकेका भोकाची कड दोऱ्याने बांधत राहायच्या. बोलायला घरात फक्त नवरा. एकोणीस वर्षांपूर्वी तो कालव्यावरच्या बिनकठड्याच्या पुलावरून सायकलसकट खाली गेला. पाय मोडला, जुळलाही. पण त्याने पूल जो सोडला तो सोडलाच. बोलणंही बहुधा त्याच पाण्यात टाकून आला. काकूंनी "आज भाजीला..." म्हणावं आणि ते वाक्य दिवसभर घरात लोंबकळत राहावं.

म्हणून त्याच साली पुलासाठी सुरू झालेल्या आंदोलनात काकू रमल्या. दर सोमवारी अकराला, पुलापलीकडच्या कचेरीच्या फाटकासमोर काकू सोडून बारा माणसं जमत. काकूंनी "पुलाला कठडा" म्हणायचं, बाकीच्यांनी "झालाच पाहिजे!" आपण अर्धं वाक्य टाकावं आणि बारा तोंडांनी ते झेलून पुरं करावं, हे सुख काकूंना दुसरीकडे कुठे मिळणार? बारांतलं कुणी आजारी असलं की फाटकावरचा शिपाई त्याची जागा भरून काढी. आतले कारकून त्या आवाजावर चहा मागवत.

आणि एका बुधवारी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, कठडा झाला. लोखंडी, कमरेइतका उंच.

सोमवारी सगळे सवयीने जमले आणि एकमेकांच्या चपलांकडे बघत उभे राहिले. पुढारी म्हणजे एक निवृत्त मास्तर. त्यांच्या मते हा सरळसरळ घात होता. चर्चेला न बोलावता मागणी मान्य करणं ही कुठली रीत? शिपायालाही ते पटलं. आत चहा आला नाही म्हणून एक कारकून चौकशीला बाहेर आला. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने आपुलकीने सुचवलं, की कठडा नको असेल तर तसा अर्ज द्या, वीसेक वर्षांत निकाली निघेल. मास्तरांचा चेहरा उजळला. घोषणेची चालसुद्धा बदलायला नको होती. "पुलाचा कठडा" काकूंनी म्हणायचं, "हटलाच पाहिजे" बाकीच्यांनी. सुरुवात पुढच्या सोमवारी.

आठवडाभर काजं वाकडी पडली. सोमवार सोडावा, तर पुन्हा लोंबकळतं घर. सोमवार राखावा, तर ज्या पुलाने नवऱ्याचा पाय खाल्ला, त्याचा कठडा आपल्याच तोंडाने काढायला सांगायचा.

"अहो, काय करू मी?" त्यांनी शेवटी विचारलं.

तो खिडकीबाहेर बघत राहिला. ते वाक्यही इतरांच्या शेजारी जाऊन लटकलं.

सोमवार उजाडला. अकराच्या ठोक्याला मास्तरांनी खूण केली. काकूंनी तोंड उघडलं. नवं वाक्य घशातच आडवं झालं, आणि एकोणीस वर्षांची जीभ आपल्या वाटेने गेली.

"पुलाला कठडा!"

बारा तोंडं उघडली आणि तशीच मिटली. शिपायानेही आवंढा गिळला. तेवढ्यात मागून एकच आवाज आला, जरा गंजलेला.

"झालाय की."

काकू वळल्या. नवरा उभा होता, पूल ओलांडून कचेरीच्या बाजूला, जरा लंगडा पण सरळ. सकाळीच रंगाऱ्यांनी कठड्याला रंगाचा दुसरा हात दिला होता आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नवऱ्याने कठडा काही सोडला नव्हता; उजवा तळवा मनगटापर्यंत हिरवागार.

"रंग ओला आहे, अशी पाटी तरी लावायची माणसाने," तो म्हणाला. एवढं लांब वाक्य काकूंनी त्याच्या तोंडून कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

मास्तरांनी कान टवकारले. ओठांतल्या ओठांत दोनदा घोळवून बघितलं आणि हात उंचावून म्हणाले, "ओल्या रंगाला पाटी!"

"लागलीच पाहिजे!" सगळ्यात आधी शिपाई ओरडला. आत कुणीतरी चहा मागवला.

काकू तोवर पुलापाशी पोचल्या होत्या.

"आज भाजीला..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

"आधी हाताला रॉकेल बघ," नवरा म्हणाला, आणि डावा हात कठड्यावर ठेवून चालू लागला.