पोट आत घेतलेली गाडी

अरे मास्तर,

हे तुला समोर बसवून सांगायला गेले, तर तू मध्येच उठून गाडी पुसायला जाशील, म्हणून लिहिते आहे. थोरल्या बहिणीने भावाबद्दल लिहिलेलं कुणी खरं मानत नाही. तेव्हा इथून पुढे तू परका माणूस. मुकाट्याने वाच.

तर हा एक शिंपी. चाळीस वर्षं पँटी शिवल्या, पण मिजास सर्जनची. टेप बघून गिऱ्हाइकाने श्वास रोखला, की हा टेप गुंडाळून खिशात घालायचा. "पोट सोडा. दिवसभर असेच उभे राहणार आहात का?" निम्मी गिऱ्हाइकं या अपमानासाठीच येत असावीत.

बायको त्याच्याच दुकानात काजं-बटणं करायची. तिचा उजवा गुडघा आखडला आणि घरच्या जुन्या, उंच गाडीत पाय उचलून चढता येईना. दुकान चालत जाण्याजोगं नाही, त्यामुळे तीन महिने बाई घरात. दुकानात बिनकाजाच्या शर्टांचा ढीग, आणि घरी हिचं तोंड त्या शर्टांहून उसवलेलं.

"मला माझ्या स्टुलावर नेऊन बसवा," ती म्हणाली, "नाहीतर तुमच्या डोक्यावर बसेन."

मास्तरने गाडीच आखूड करायची ठरवली. गल्लीच्या तोंडच्या गॅरेजवाल्याने आखूड स्प्रिंगा घालून ती तीन इंच खाली आणली. सीट नेमकी बायकोच्या उंचीला आली. पण पुढची चाकं वरून आत कलली आणि गाडी फेंगडी दिसू लागली.

"असे टायर महिन्यात आतून सोलून निघतील," गॅरेजवाला म्हणाला. "वहिनींना एवढ्यात बसवू नका. चाक गाडीला धरून ठेवणारे हे खालचे आर्म बदलू. लांबी जुळवता येईल असे बघा."

बघायला मास्तरला अकरा दिवस लागले. लग्नाला मुलगी बघताना अर्ध्या तासात हो म्हणाला होता. दुकानदाराने काउंटरवर मांडलेला पहिला आर्म त्याने चष्मा कपाळावर सरकवून पाहिला. "वेल्डिंगचा टाका सुटा आहे." दुसऱ्याच्या टोकाला नुसता लोखंडी सांधा. तो कानाशी धरून हलवला, तर खट्ट वाजला.

"मास्तर, रेसवाले हाच नेतात."

"रेसवाल्यांच्या बायका काजं करत नाहीत. हा खडखडाट हिच्या गुडघ्यात जाईल."

तिसऱ्याच्या सांध्यात जाड रबर होतं आणि नट फिरवून लांबी कमी-जास्त करायला आटे. मास्तर खूश झाला. "शिवणीत वाढवायला माया ठेवलीय बघ! हाच."

बसवताना गाडी जॅकवर, चाकं अधांतरी. गॅरेजवाला म्हणाला, "शेवटचे बोल्ट आवळायच्या आधी खाली उतरवू. चाकांवर भार येऊ दे."

"मापाचं मला शिकवतोस? आवळ!"

त्याने आवळले. म्हाताऱ्यांशी वाद घालायला त्याला सवड नव्हती.

घरी आणल्यावर गाडी नाक वर करून उभी. सांध्यातलं रबर चाकं लोंबत असतानाच आवळलं गेलं होतं, ते आता पुढची बाजू खाली बसू देईना. बायको काठी टेकत गाडीच्या दाराशी आली, पाय उचलला, आणि पाऊल गाडीच्या उंबऱ्याला अडकलं.

"अहो, ही परत उंच झाली."

"छे! तुझी चप्पल जाड आहे."

तिने चप्पल काढली. तरी अडकलं. मास्तरने टेप लावला. चांगला इंचभर फरक. मग दोष फरशीचा निघाला, टायरमधल्या हवेचा निघाला. ती शांतपणे ऐकत होती. चाळीस वर्षं ऐकतेच आहे.

"आवळताना गाडी कुठे होती?"

"जॅकवर."

"आणि चाकं?"

मास्तरने टेप गुंडाळायला घेतला. "लोंबत होती."

"म्हणजे गिऱ्हाइकाने पोट आत घेतलेलं, आणि तुम्ही खुशाल कात्री चालवलीत!"

मास्तरने टेप खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गॅरेजात. ती काठीच्या आधाराने चालत गेली. गॅरेजवाल्याने गाडी खड्ड्यावर चारी चाकांवर उभी केली, बोल्ट सैल केले आणि बॉनेट दाबून हलवलं. गाडी हळूच खाली बसली.

"थांब, आवळू नकोस. ट्रायल अंगावर घालूनच घ्यायची," मास्तर म्हणाला आणि त्याने बायकोसाठी दार उघडलं. ती आधी टेकली, मग पाय आत घेतले. कुणाचा हात लागला नाही. तो स्टिअरिंगवर बसला, गॅरेजवाला पाना घेऊन खड्ड्यात उतरला.

"श्वास रोखू नकोस," मास्तर तिला म्हणाला.

"रोखतेय कुठे? तीन महिन्यांनी आज सोडतेय."

खालून पान्याचा आवाज येत राहिला. मास्तर समोरच्या काचेतून पाहत होता. पाहण्यासारखं तिथे काही नव्हतं. तिथून दोघं थेट दुकानात गेले. दुपारपर्यंत तिने सहा शर्टांची काजं केली आणि मास्तरच्या दोन कॉलरींत खोड काढली.

आता पुन्हा तुझ्याशी. माझी पुस्तकांची पेटी वाचनालयात पोचवशील का, असं मी त्याच आठवड्यात विचारलं होतं. "ताई, गाडी हिच्या वजनावर बेतलीय. पेटी ठेवली तर माप हलेल," असं म्हणालास, आणि वर "बघतो" म्हणालास. पेटी दारातच आहे. मी तिच्यावर बसून चपला घालते.