गाडीतली शिट्टी
काल अशोका गार्डन भागातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगचा धूर नाकात गेला आणि बाबांची गाडी आठवली. बाबांना हॅम रेडिओचा, म्हणजे बिनतारी सेटवरून लांबलांबच्या लोकांशी बोलण्याचा छंद. निवृत्तीनंतर त्यांनी गाडीतही सेट बसवला होता. पण इंजिन सुरू झालं की त्यात बारीक शिट्टी वाजायची, ॲक्सिलरेटर दाबला की ती चढायची, आणि पलीकडून बोलणाऱ्या नागपूरच्या मित्राचा आवाज तिच्यात बुडून जायचा. एका रविवारी नेहरू नगरच्या घरासमोर, भर उन्हात, आम्ही बॉनेट उघडलं. बाबांनी सेटच्या नव्या वायरची टोकं सोल्डर करून ती थेट बॅटरीला जोडली, अर्थिंगच्या जागेवरचा गंज घासून काढला. मी इंजिन सुरू केलं. शिट्टी गेली होती. "बाबा, एकदम साफ!" मी ओरडले. ते कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिले. "कुठे साफ? येतेय की." मी इंजिन बंद केलं, मग सेटही बंद केला, किल्ली काढून हातात घेतली. बाबांनी किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अजून येतेय ना गं?" त्यांनी अगदी हळू विचारलं. आयुष्यभर लांबलांबचे अस्पष्ट आवाज टिपत आलेल्या त्या माणसाला मला खरं सांगवेना. "हो," मी म्हणाले, "थोडी येतेय." पुढे कित्येक रविवार ते एकटेच बॉनेटमध्ये वाकून ती शिट्टी शोधत राहिले. शेवटी मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "फार उशीर केलात." बाबांनी मला त्याबद्दल कधीच बोल लावला नाही, आणि आज मला तेच जास्त सलतं.