आप्पांनी उपसलेली वायर

एका रविवारी सकाळी मी बायकोच्या बावीस विद्यार्थ्यांची परीक्षा बंद पाडली, तीही पूर्ण अभ्यास करून.

ऑफिसात साहेबांनी फर्मान काढलं होतं, "क्लस्टर शिका!" म्हणजे बरेच कॉम्प्युटर एकत्र बांधायचे, प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या डब्यांत भरायचे आणि कुठला डबा कुठल्या कॉम्प्युटरवर चालवायचा, हे एका मुकादमानं ठरवायचं. हा मुकादमही एक प्रोग्रॅमच. (साहेबांना स्वतःला प्रिंटर चालू करता येत न्हाय, पण ते असो!) मी कंग्राळीच्या घरात तीन जुने कॉम्प्युटर मांडले, वीस दिवस व्हिडिओ बघितले आणि स्वतःला तज्ज्ञ घोषित करून टाकलं.

बायको सुनंदा घरीच दहावीच्या गणिताची शिकवणी घेते. तिची सराव परीक्षा क्लस्टरवर चढवायचा हट्ट माझाच.

"कागदावर घेते की मी," ती म्हणाली.

"कागद! कुठल्या जमान्यात आहेस? इथं एक कॉम्प्युटर मेला तरी दुसरा काम उचलतो!"

रविवारी मुलं मोबाईल घेऊन बाहेरच्या सोप्यात, कॉम्प्युटरांसमोर बसली. पालक दारात उभे. पहिली दहा मिनिटं परीक्षा झकास चालली. तेवढ्यावर गप्प बसलो असतो तर! पण पालक बघताहेत म्हटल्यावर मी भाषण ठोकायला लागलो.

कोपऱ्यात तंबाखू मळत बसलेले माझे वडील, आप्पा, म्हणाले, "एक मेला तरी चालतंय व्हय रं?"

"चालतंय म्हणजे? ओढा कुठलीबी वायर!"

आप्पांनी जन्मभर बैल हाकलेले. त्यांनी समोरची वायर दाव्यासारखी उपसली.

बावीस मोबाईल एकदम पांढरे पडले.

"काका, गेलं!"

"थांबा! आता दुसरा उचलेल!"

थांबलो. पाच मिनिटं झाली. कॉम्प्युटरनं काही उचललं नाही. एका पालकानं मात्र पोराची बॅग उचलली.

"लई शिकलास रं," आप्पा म्हणाले. "आमचा एक बैल बसला, तर दुसरा निदान वळून तरी बघायचा!"

सुनंदानं मला खांद्यानं बाजूला सारलं, फळ्यावर प्रश्न लिहिले, वह्या काढायला लावल्या आणि परीक्षा पुरी केली. मुलं गेल्यावर तिनं वायर परत लावली. पडद्यावर तीन कॉम्प्युटरांची नावं आली.

"अहो, सगळे डबे ह्या एकाच्याच डोक्यावर हाईत! बाकी दोघांच्या पुढं 'नॉट रेडी' लिहिलंय. कधीपासनं?"

"पहिल्या दिवसापासनं."

"आन् वीस दिवसांत तुम्ही वाचलं न्हाय?"

"रोज वाचत होतो गं! मला वाटलं, माझ्याबद्दल लिहिलंय."