मामीची जपानी शाळा

जपानी भाषा मी मामीच्या अंगणात उड्या मारत शिकलो.

इंग्रजीच्या धाकानं सातवीतच शाळा सोडलेला मी, नांदेडकडचं घर सोडून नगरला मामाकडे आलो होतो. मामानं चार जणांच्या पाया पडून मला नागापूरच्या एका कारखान्यात हंगामी चिकटवलं. तेवढ्यात तिथं जपानी मशीन आलं आणि ते बसवायला जपानी साहेब! सुपरवायझरनं दम भरला, "त्याचे पाच शब्द ज्याला येतील तो कायम. बाकीच्यांनी गावाकडची एसटी धरायची." उए म्हणजे वर, श्ता खाली, मिगी उजवीकडे, हिदारी डावीकडे आणि तोमेते म्हणजे थांबवा.

मी घोकत बसलो. घाम फुटला, शब्द फुटेनात!

"घोकून न्हाई यायचं तुला," मामी म्हणाली. "चल, खेळू."

उए म्हटलं की दोन्ही हात वर. श्ता म्हटलं की खाली बसायचं. मिगी-हिदारीला त्या त्या बाजूला उडी. आणि तोमेतेला जागच्या जागी पुतळा, मामी "सुटला" म्हणेपर्यंत! हलेल तो बाद, त्यानं आडाचं पाणी भरायचं. (सुरुवातीला अख्ख्या आळीचं पाणी मीच भरलं.)

"दादा, तुझ्यापरीस आमची शेळी लई हुशार हाय!" मामाची चिमी खिदळायची.

पण हळूहळू शब्द कानावर पडायच्या आत अंग हलू लागलं. मामीचे उपकार कुठे फेडावेत!

मशीन उतरवायच्या दिवशी मामा-मामी चिमीला घेऊन नारळ फोडायला आले. मशीनचं लाकडी खोकं कप्पीवर टांगलेलं, दोरावर आम्ही चौघं. जपानी साहेब ओरडला, "उए!"

तिघांनी दोर ओढला. मी तो सोडून दोन्ही हात वर केले!

खोकं हातभर खाली आलं. "तोमेते! तोमेते!" साहेब किंचाळला. तिघं दोराला लोंबकळले. मी पुतळा!

"आरं दोर धर, मुडद्या!" मामा बोंबलला.

मला सगळं कळत होतं हो! पण हललो की बाद, आणि बाद म्हणजे नांदेड! मी नुसत्या डोळ्यांनी मामीकडे पाहिलं. तीही पुतळा! (नारळ डोक्याच्या वर धरलेला.) आता "सुटला" म्हणणार कोण? वर कप्पी करकरत होती.

"आई हालली! आई बाद!" चिमीनं टाळ्या पिटल्या.

"सुटला, मेल्या, सुटला!" मामी भानावर आली. मी दोरावर झडप घातली. खोकं अलगद टेकलं.

साहेब माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्यानं मला नीट न्याहाळलं आणि हळूच म्हणाला, "श्ता?"

मी बसलो. मामी बसली. चिमी बसली. हसता हसता साहेबही खोक्यावर बसला.

मी कायम झालो. शाळेतून पळालेल्याला सगळा कारखाना "मास्तर" म्हणू लागला. नवा माणूस आला की मला मुद्दाम बोलावणं यायचं, "उए" ऐकल्यावर काय करायचं नाही, ते करून दाखवायला!