पाणपोईला दिलेलं नाव

औरंगपुऱ्यात एका कापडाच्या दुकानावर, दोन खोल्यांत, काही तरुण मंडळी संगणकावरचा खेळ बनवतात. दोन हजार वर्षांपूर्वीचं दख्खनमधलं एक नगर. खेळणाऱ्यानं ते वसवायचं आणि धाडी आल्या की राखायचं. इमारतींना संस्कृत नावं हवी होती, पण कुणाचं मन दुखवायचं नव्हतं. मी संस्कृतची निवृत्त शिक्षिका, म्हणून मला बोलावलं.

पहिल्याच दिवशी माझा पारा चढला. घोड्यांच्या पागेला एका देवाचं नाव, पाणपोईला एका देवीचं.

"धाड आली की हे सगळं जळणार ना?" मी विचारलं.

काम बघणारी मुलगी सोयगावची. म्हणाली, "व्हय मॅडम. पाणपोईवर गवताचं छप्पर हाय, लगेच पेटतं."

"मग देवीच्या नावाला आग लावणार? आधी घरी आईला विचारून ये."

ती ओशाळून हसली. मी पागेला मंदुरा केलं, धान्याच्या कोठाराला कोष्ठागार, दवाखान्याला आरोग्यशाला. पाणपोईला प्रपा. त्यांना तिथं एखादं विशेषनामही हवं होतं. आपल्याकडच्या लेण्यांत पाण्याच्या टाक्यांवर दान देणाऱ्या बायकांची नावं कोरलेली सापडतात, तसं एखाद्या बाईचं द्या म्हटलं. "कुणाचं?" तिनं विचारलं, आणि माझ्या हातून कागदावर आईचं माहेरचं नाव लिहिलं गेलं. पाटीवर तेच मोठ्या अक्षरांत आलं, खाली बारीक प्रपा.

आईचं हे नाव लग्नात गेलं. ताटात तांदूळ पसरून, त्यात अंगठीनं नवं नाव लिहितात, तसं वडिलांनी लिहिलं आणि जुनं संपलं. आमच्या घराण्यात यात कुणाला काही वावगं वाटत नसे. जुन्या नावानं हाक मारणारे फक्त मामा उरले, आणि एकेक करून तेही गेले. शेवटचे मामा वारले त्या दिवशी आई म्हणाली, "आता मला हाक मारणारं कुणी राहिलं नाही." मी म्हटलं, "असं काय करतेस, मी आहे ना!" काय मूर्ख असतो आपण.

शेवटच्या आजारात नर्स कागदावरचं नाव घेई. आई डोळे उघडत नसे. मी "आई, आई" करी. त्यालाही ओ नाही. ते दुसरं नाव माझ्या जिभेवर होतं. चार दिवस होतं. पण आईला नावानं हाक कशी मारायची? लाज वाटली, वॉर्डातल्या लोकांची लाज! पाचव्या दिवशी ती गेली. भाऊ नाही, अग्नी मीच दिला.

तेव्हापासून घरात दुपारी कामं आटोपून बसले की वाटतं, आतल्या खोलीत कुणीतरी हाकेची वाट बघतंय. मी उठून बघूनही येते. आत काही नसतं, हे मला ठाऊक आहे. तरी जाते.

महिन्याभरानं मुलीनं तयार होत आलेला खेळ दाखवला. धाड आली, पाणपोई पेटली, आणि पडद्यावर आईचं नाव धुरात दिसेनासं झालं. देवीचं वाचवायला निघालेल्या शहाणीनं आईचं पुढं केलं होतं.

"मॅडम, नाव बदलू का?" तिनं हळूच विचारलं.

"नको," मी म्हणाले. बदललं असतं तर ते पुन्हा कुणाच्याच तोंडी आलं नसतं.

मग उच्चारांचं काम निघालं. खेळणाऱ्यानं इमारतीवर क्लिक केलं की तिचं नाव ऐकू यायला हवं. उच्चार शुद्ध हवेत, म्हणून आवाज माझाच. छोट्या बंद खोलीत मला माइकसमोर बसवलं. काचेपलीकडं ती मुलगी. कोष्ठागार, मंदुरा, आरोग्यशाला, सगळं शाळेत म्हणावं तसं स्वच्छ झालं. शेवटी पाणपोई. पाणी प्यायले, डोळे मिटले, आणि जन्मात पहिल्यांदा ते नाव मोठ्यानं घेतलं.

मुलीनं ते पुन्हा लावून ऐकलं.

"लई छान आलं, मॅडम. फक्त नाव घेतल्यावर तुम्ही बराच वेळ गप्पच बसलात. तेवढं काढून टाकू?"

ओ येईल म्हणून थांबले होते, हे तिला कसं सांगणार?

"काढ," मी म्हणाले.