ईश्वरप्पाचा तिसरा पेपर

नवी पेठेतल्या कापडदुकानात ईश्वरप्पानं एकोणीस वर्षं लुगडी उलगडून दाखवली, पण एकाही लुगड्याला कधी वाईट म्हटलं नाही. सेल्समनचा धर्मच तो. बाईच्या अंगाला रंग शोभो न शोभो, ‘लई खुलतंय की’ म्हणायचं. ही सवय त्याच्या जिभेत इतकी मुरली होती की तिनंच त्याला परीक्षेत दोनदा आपटलं.

बी.ए.ला तो बाहेरून बसत होता. मूळचा मैंदर्गीचा, घरात कन्नड, दुकानात मराठी, वय चाळिशीला टेकलेलं. बाकीचे विषय सुटले. समाजशास्त्र तेवढं अडून बसलं. पदवी मिळाली तर एका रात्रशाळेत मास्तरकी ठरलेली होती. इकडे दुकानाचे मालक चनबसप्पा शेठ यांनी चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात बजावलं, “परीक्षेची रजा ही शेवटची बघ. पुन्हा मागू नकोस.”

घाबरून तो सरावाचं उत्तर घेऊन एका प्राध्यापकांकडे गेला. प्रश्न नेहमीचाच: समाजशास्त्रातल्या तीन प्रमुख दृष्टिकोनांची चिकित्सा करा. सरांनी वाचलं आणि त्यांना हसू आवरेना.

“कार्यवाद उत्तम, संघर्षवाद त्याहून उत्तम, प्रतीकात्मक आंतरक्रियावाद तर अप्रतिम! अहो, तुम्ही तिन्ही विकायला काढलेत. चिकित्सा कुठाय?”

ईश्वरप्पा ओशाळला. एवढ्या मोठ्या विद्वानांना आपण नावं ठेवायची? आपली पायरी काय! भल्या माणसांना असली शंका हटकून येते, आणि तिथंच त्यांचं घोडं अडतं.

आठवड्यानं मंगळवेढ्याची सोजरबाई लेकीच्या लग्नाचं लुगडं घ्यायला आली. हिरव्या इरकलीवर हात ठेवून ती म्हणाली, “बाबा, तुला बी लेक आसंल. खरं सांग, रंग जाईल का?”

ईश्वरप्पाला खरंच लेक होती, नागव्वा. त्यानं शेठकडे न बघता सांगून टाकलं, “आक्का, काठ पक्का हाय, वीण घट्ट हाय. पण पहिल्या दोन धुण्यांत रंग सुटंल. येगळं धुवायचं.”

शेठनं डोळे वटारले. सोजरबाई मात्र निवांत झाली. “मग दे की बांधून. काय जपायचं ते कळलं.”

ईश्वरप्पा घडी हातात धरून तसाच उभा राहिला. उणं सांगितलं तरी माल फेकला जात नाही, ही साधी गोष्ट कळायला त्याला एकोणीस वर्षं लागली होती.

परीक्षेत त्यानं उदाहरणाला आपलं दुकानच घेतलं आणि हात दुखेस्तोवर लिहिलं. जूनमध्ये कॉलेजच्या फळ्यावर निकाल लागला. समाजशास्त्रात चोपन्न! त्यानं आपला नंबर शेजारच्या अनोळखी माणसाकडून दोनदा वाचून घेतला आणि तिथंच रडला.

पेढे घेऊन तो दुकानात आला. शेठनं विचारलं, “एवढं काय लिवलंस रे?”

“आपल्या दुकानाचंच, शेठ. कार्यवाद म्हणतो, जो तो आपलं काम करतो म्हणून दुकान चालतं. खरं हाय. पण तुमी दुपारी घरी जेवून झोपता आन् आमी गठ्ठ्यांमागं उभ्यानं भाकरी गिळतो, ते त्याला दिसत न्हाय. ते संघर्षवादाला दिसतं.”

शेठचा पेढा हातातच राहिला.

“मग त्यात तरी काय उणं?” त्यांनी हळूच विचारलं.

“माझी नागव्वा आजारी पडली तवा तुमी दोन दिवस दवाखान्यात बसून होता. ते त्याला दिसत न्हाय. आपण एकमेकांना काय समजतो, ते तिसरा, आंतरक्रियावाद, बघतो. पण दुकान कुणाच्या मालकीचं, ते तो बघत न्हाय. कुणा एकालाच सगळं दिसत न्हाय, शेठ. असं लिवलं.”

शेठनं पेढा खाल्ला आणि हिशेबनीसाला उगीचच दोन शब्द सुनावले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता भर पेठेत त्या दुकानाचं दार अर्ध्या तासासाठी ओढून घेतलं गेलं. आत सगळे मांडी घालून जेवायला बसले. शेठचा डबाही घरून तिथंच आला होता.